सव्वीस मीटर

प्रिय धाकट्या,

गेल्या आठवड्यात तुझे दोन फोन आले, मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काकांची बायको गेल्या महिन्यात गेली. तुला कळलं असेलच, पण तू आला नाहीस. मी भेटायला गेले होते. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, कुबडी भिंतीला टेकवलेली. पाणी द्यायला आलेली त्यांची मुलगी त्यांच्यादेखतच मला म्हणाली, की बाबांनी त्या दिवशी रस्त्याकडे बघितलं असतं तर आईला नऊ वर्षं लोकांच्या घरी आजारी माणसं उचलत काढावी लागली नसती. काकांनी मान खाली घातली. अंगवळणी पडल्यासारखी घातली. मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

ज्या काकांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी सांभाळून घेतलं, ते हे काका. मी पुस्तकातलं शिकून आले होते. उतरती फळी किती कलती ठेवायची, प्रयोगाच्या छोट्या गाडीच्या चाकांना तेल कधी द्यायचं, कागदाच्या पट्टीवर ठिपके नीट कसे उमटवायचे, हे त्यांनी दाखवलं. ठिपके जवळजवळ म्हणजे गाडी सावकाश, लांबलांब म्हणजे वेगात. मुलांना माझ्याआधी त्यांचं सांगणं कळायचं. वर्गात माझं कुठे अडलं की ते फडका हातात घेऊन उगाच टेबल पुसायला यायचे आणि हळूच सांगून जायचे.

नऊ वर्षांपूर्वी ते तुझ्या गाडीखाली आले ते शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. सकाळची वेळ, रस्ता कोरडा आणि सरळ. तू सांगितलंस, गाडी चाळीसच्या आत होती आणि म्हातारा एकदम पुढे आला. आईनं ते लगेच मानलं. मीही मानलं असतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी असताना डांबरावर तुझ्या चाकांच्या काळ्या खुणा दिसल्या, आणि मी आत जाऊन मोजपट्टी घेऊन आले.

खुणा सव्वीस मीटर लांब होत्या. पांढरे पट्टे त्या सुरू झाल्यापासून चौदा मीटरवर. चाकं अडकून घसरणारी गाडी कोरड्या डांबरावर सेकंदाला साधारण किती वेग गमावते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यावरून मागे जात सुरुवातीचा वेग काढणं हे नववीचं गणित आहे. उत्तर आलं ताशी अडुसष्ट. मी तीनदा करून पाहिलं. चाळीसनं येत असतास आणि त्याच जागी ब्रेक दाबला असतास, तर गाडी नऊ मीटरमध्ये उभी राहिली असती. पट्ट्यांच्या पाच मीटर अलीकडे. काकांनी तुझ्याकडे रागानं बघितलं असतं आणि पलीकडे गेले असते, एवढंच.

ती वही मी तुला दाखवली होती. तू म्हणालास, ताई, तू शिक्षिका आहेस, पोलीस नाहीस. आई मागे रडत उभी होती. मी वही मिटली. इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे.

पुढचं ठाऊक नाही. काका रुग्णालयात शुद्धीवर आले तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, मी बघून उतरलो होतो का? तू गणितं करणारी, तूच सांग, असं म्हणाले. मी म्हणाले, काका, तुम्ही एकदम पुढे आलात म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांना स्वतःहून सांगितलं, चूक माझीच असणार. तुझं प्रकरण तिथेच मिटलं. तू सुटल्याचे पेढे वाटले नाहीस, हे तुझे उपकारच.

त्यानंतर त्यांनी नातवाचा हात धरून कधी रस्ता ओलांडला नाही. बायको चिडली की ऐकून घेतलं. आणि मी नऊ वर्षं सरळ रेषेतील गती शिकवत राहिले. ब्रेक लावलेल्या मोटारीचं उदाहरण आलं की मुलांना सांगायचे, हे घरी करून आणा.

परवा मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं, माझं रुग्णालयातलं वाक्यसुद्धा. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, दोन ठिकाणी थांबून विचारलं, बरोबर आहे का पाहिलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मी बघून उतरलो होतो." आणि थोड्या वेळानं, "ती असताना सांगायचं होतंत, बाई." इतकी वर्षं ते मला एकेरीत हाक मारत होते.

पोलिसांकडे जायची त्यांची इच्छा नाही. त्यांना एकच हवं आहे, आणि ते मागताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही: त्यांच्या मुलीला हे तू सांगावंस, त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर. माझ्या तोंडून नको म्हणाले, तुमच्यावर आता भरवसा राहिला नाही. रविवारी सकाळी दहाला ते वाट बघणार आहेत. पत्र लिहिलं ते एवढा निरोप देण्यासाठी. तू आला नाहीस तर सोमवारी मी वही घेऊन पोलीस चौकीत जाईन आणि तुझ्या नावाआधी माझं नाव सांगेन. आईला मध्ये आणू नकोस. तिला मी कालच सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

काही झालं तरी तुझीच,
ताई