हातोडा कोणी लपवला याबाबत

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, जंगल खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःबद्दल बरेच चांगले लिहिले होते.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची पडवी, वहिनीला. दादा गेल्यापासून ती इथेच शिवणकाम करते. घर तिने चालवले, दारावर पाटी मात्र माझी. पाटी काढावी.

२. बँकेतली शिल्लक तपकीरच्या मुलीला. तपकीर हा कामावरचा माझा जोडीदार. रंगाचा डबा त्याच्याकडे, ठशाचा हातोडा माझ्याकडे. तोडायच्या झाडाच्या बुंध्यावर हातोड्याचा ठसा उमटल्याशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नसे. पन्नास वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या जंगलात ठसे मारायचे काम आमच्याकडे आले. चौथ्या दिवशी हातोडा गायब. घाबरून मी साहेबांना लेखी दिले, की तो तपकीरने हरवला. त्याची नोकरी गेली. गाव सोडताना तो रंगाचा डबा माझ्या दारात ठेवून गेला, झाकण नीट लावून. तो आता नाही. मी त्याची माफी मागितली नाही.

३. हातोडा. तो गावच्या जंगल वाचवणाऱ्या समितीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. ‘जंगल वाचवण्यासाठी यांनी लपवला’ असे लिहून खाली माझे नाव आहे. हे खोटे आहे. मी तो अकरा दिवस शोधत होतो, काम उरकावे म्हणून. पलंगाखाली, ओढ्यात, तपकीरच्या घरातसुद्धा. तिकडे गावच्या शाळेचे मास्तर आणि त्यांची पाच-सहा माणसे तोड थांबवायला शहरात कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. बाराव्या दिवशी स्थगिती आली. तोवर माझ्या ठशांची नऊशे झाडे पडली होती. बाकीचे जंगल राहिले. मास्तरांनी मला मिठी मारली. “लेका, तूच लपवलास ना?” मी नाही म्हणालो नाही. माझा पराक्रम एवढाच.

स्थगितीच्या पहिल्या वर्धापनदिनी मी भाषणही ठोकले. घरी आल्यावर वहिनीने शिलाई मशीनच्या खणातून, चिंध्यांखालून, हातोडा काढून समोर ठेवला.

“भावजी, भाषण झकास झालं. आता हे सामानही तुमच्याकडेच ठेवा.”

“वहिनी, तू? का पण?”

“जेवायला बसलात की सांगायचात, आज तीनशे, आज तीनशे दहा. माझा घास उतरेना.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमची नोकरी गेली असती. तपकीरभावजींची जाईल हे मला कुठं ठाऊक?”

तिला ते आजही टोचते. टोचायला मला हवे होते. मी दुसऱ्याच दिवशी हातोडा समितीला भेट देऊन आलो. खात्याने तोवर बंद केलेली फाइल पुन्हा उघडली नाही. तेव्हापासून दरवर्षी मी व्यासपीठावर असतो आणि वहिनी शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवते.

पेटीवर माझ्या नावाच्या जागी वहिनीचे नाव घालावे. शेजारी तपकीरचेही, नोकरी कशी गेली ते लिहून.

४. समितीच्या सचिवाला काही नाही. तो दरवर्षी भाषणात अकरा दिवसांचे एकवीस करतो. पण त्याला मी कधी टोकले नाही, म्हणून राग धरायचा हक्क मला नाही.

५. हे कलम खोडले आहे. माझ्या मृत्यूनंतर कलम तीन व्यासपीठावरून वाचावे, असे त्यात होते. साक्षीदार म्हणून वहिनीला बोलावले, तर वकील म्हणाले, ज्याला घर मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही.

“राहू द्या,” वहिनी म्हणाली, “पन्नास वर्षं साक्षीदारच तर होते.” मग चष्मा लावून तिने सगळे वाचले. “मेल्यावर कशाला, भावजी? कार्यक्रम उद्याच आहे की.”

६. सबब, कलम तीन उद्या मी स्वतः वाचीन. वहिनीने पहिल्या रांगेत बसावे. माझा आवाज गेला तर तिने उठून पुढचे वाचावे. टाळ्या कोणी वाजवू नयेत.

सही

साक्षीदार: १. डॉक्टर २. पोस्टमास्तर
ठिकाण: राहते घर, शिलाई मशीनचे टेबल
दिनांक: पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, दुपारी