माझ्याच मुलखात नवखा

रवि. १ जाने. ७८
काल डॉक्टरांनी घसा पाहिला. शाळेत लागेल तेवढंच बोला, बाकी महिनाभर तोंड बंद. ड्रॉइंग मास्तरला एवढं बोलावं लागतं का, असंही विचारलं. दर रविवारी दुपारी तीन तास 'मुलूख' हा आमचा खेळ सांगतो, डाकू, व्यापारी, राणीसाहेब सगळ्यांचे आवाज काढून, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार!
सुमन खूश. "महिनाभर घरात शांतता." बायको आहे की वैरीण.

मंगळ. ३ जाने.
नरसय्या मागावरून थेट इकडे. केसांत सुताचा भुगा तसाच. "मी सांगतो की मास्तर. तुमी चाला."
पाच वर्षं तो आणि शब्बीर चालणारे, मी सांगणारा. त्यांनी आपापला गडी माझ्या नकाशावर फिरवायचा, अडलं की चार कवड्या टाकायच्या, पुढे काय घडलं ते मी सांगायचं. दुष्काळाच्या साली सुरू केलं, अजून चालू. नकाशा आठ ड्रॉइंग शीटं चिकटवून केलेला. त्यातला प्रत्येक ओढा, प्रत्येक चोरवाट पाठ. तो न.च्या हातात द्यायचा? गोष्ट रंगात आली की हा तेलुगूत शिरतो.
दिला. नाहीतर खेळच बंद. गुंडाळी देताना दोनदा गाठ तपासली.

रवि. ८ जाने.
माझा गडी: हैबती जासूद. उत्तरेच्या किल्ल्यावर खलिता पोचवायचा. सोबत श.चा उंटवाला. न. दोन वाक्यांत अडखळला. माझं तीनदा "तसं नाही रे, तिथं..." करून झालं.
श. ट्रान्सपोर्टात बुकिंग क्लार्क, भीड म्हणून नाही. "मास्तर, आज तुमे पॅसिंजर है. डायवर से बाताँ नक्को करो."
सु.कडून पाटी मागून घेतली. घशासाठी.

रवि. १५ जाने.
गड्ड्याच्या जत्रेची एवढी गर्दी, तरी दोघं आले. न आले असते तर बरं.
माळरान लागलं. श. म्हणाला, ओढा आहे, पखाली भरून घेऊ. मी पाटीवर लिहिलं: कशाला ओझं, पुढे तीन वडांपाशी विहीर आहे, बारमाही. माझ्याच हाताने काढलेली, निळ्या शाईत. निघालो. दीड दिवसाची चाल. पोचलो तर न. शांतपणे: "हीर कोरडी हाय."
पाटी बाजूला टाकून ओरडलो, "अरे, ती मी खोदलीय!"
"व्हय की. पाच वर्सं झाली त्याला. हिरी आटत न्हाईत व्हय सोलापुरात?"
श.चा उंट गेला. पहिल्या वर्षापासून सांभाळलेला. श. अर्धा चहा तसाच ठेवून उठला. मी त्याचा उंट कधीच मारला नसता.

सोम. १६
नकाशा परत आणायचा, ठरलं. सु.ला तसं सांगितलं तर म्हणते, "पाणी न घेता निघा म्हणालं कोण?"
डबा उचलून शाळेत गेलो.
शाळा सुटल्यावर श.कडे. माफी मागितली. तो हसला. "जाने दो मास्तर. लेकिन कल पैली बार डर लगा. तुमारे राज में कब्बी डर नै लगा."
पाच वर्षांचं कौतुक की काय हे? रस्ताभर तेच घोळत होतं. नकाशा आणायचा राहिला.

रवि. २२ जाने.
तहानेने हैबतीचे पाय चालेनात. मी नकाशावर कोरी सोडलेली जागा, तिथे न.ने पेन्सिलीने गाव काढलंय. न विचारता! रेघा वाकड्या. पण आधी गाव दिसलं नाही, ऐकू आलं. न. खाटेच्या माच्यावर नखाने माग वाजवत होता, खट्ट खट्ट, नुसतं तेवढंच.
कवड्या टाकल्या, तीन उताण्या, म्हणजे दान लागलं. पहिलं दार ठोठावलं. बाईने उघडलं. "आलास? किती वर्सं वाट बघायची रं?"
आणि न.ने नकाशा गुंडाळला. मेला लबाड कुठला.

गुरु. २६
सुटी. झेंडावंदन करून आलो. आठवडाभर डोक्यात ती बाई. काल फळ्यावर कपबशी काढली, कपाला कान काढायचा राहिला. पोरं हसली, मीही हसलो.
सांगणारा होतो तेव्हा शनिवारपर्यंत सगळं वहीत लिहून तयार असायचं. माझा रविवार शनिवारीच संपायचा, हे कधी लक्षातच आलं नाही. यंदा रविवार कधी येतो असं झालंय. फार मजेत आहे, सरळ लिहून टाकतो.

रवि. ५ फेब्रु.
(गेल्या रविवारी न.च्या घरी लग्न, खेळ नाही.)
डॉक्टरांनी काल मोकळं केलं. न.ने आल्या आल्या नकाशा माझ्या मांडीवर ठेवला. "घ्या तुमचा मुलूख. मलाबी चालायचं हाय की."
खरं होतं त्याचं. शीटं उलगडली. आता बाई माझी. बहीण करावी, हेर करावी, किल्लेदाराची पळालेली मुलगी करावी... पाच मिनिटांत तीन बाया सुचल्या. एकीतही जीव रमेना.
नकाशा परत त्याच्याकडे सरकवला. "एवढं दार होऊ दे. मग ठरवू कुणी सांगायचं ते."
श. खो खो हसला. न. कुरकुरला, पण मांडी घालून बसला. मी हळूच विचारलं, "कोण रे ती?"
"मला तरी कुटं म्हाईत मास्तर? तोंडातनं निघून गेलं. तुमी तिला काय म्हनताय, त्यावर ठरनार."
मी पेन्सिलीच्या त्या गावावर बोट ठेवलं. सु. चहा घेऊन आली ती कपबश्या हातातच धरून थांबली.
न. म्हणाला, "बोला की. ती उबी हाय दारात."