झिजलेल्या शब्दाचं जेवण

चिरंजीव विसरभोळ्यास आजीचे अनेक आशीर्वाद. तुला एक आजी आहे. आठवत नसेल तर तुझ्या त्या जाडजूड शब्दकोशात शोध. (सापडले नाही, तर कोश खोटा.) माझी तब्येत बरी, गुडघे तेवढे आपल्या मर्जीचे मालक झालेत. तुझं पोट कसं आहे? कागदांच्या ढिगात उभ्या उभ्या पाव खातोस म्हणे.

परवा दुपारी तू जेवायला येणार होतास. आला तो तुझा लेख, टपालाने. मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून खालच्या शिंपीबुवांनी वाचून दाखवला. (हे पत्रही तेच लिहितायत आणि ‘मुंग्या नको’ म्हणतायत. लिहा हो, माझ्याच मुंग्या आहेत!) तर तू लिहितोस, स्पॅनिश लोक खाण्याला ‘कोमेर’ म्हणतात. हा शब्द जुन्या लॅटिनमधल्या ‘कोमेदेरे’चा नातू. त्यात ‘कोम’ म्हणजे सोबत आणि ‘एदेरे’ म्हणजे खाणं. पुढे शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात शब्द झिजला, खाण्याचाच तुकडा गळून पडला आणि उरली ती सोबत, मागे क्रियापदाची शेपटी.

मला काही हे पटेना. बाजारातून माल सांडून नुसती पिशवी घरी आणणारे लोक कसले? शिंपीबुवा म्हणाले, “आजी, कापड विरतं आणि अस्तर टिकतं, असे कोट मी रोज बघतो.” औषधाच्या दुकानातली बाईही जेवायला आलेली. ती म्हणाली, “गोळी हरवून वेष्टण कोण गिळतं?” मग जी जुंपली! धूर दिसला तेव्हा रश्श्याचा कोळसा झाला होता. नंतर रिकाम्या ताटांभोवती तिघं दोन तास खिदळत बसलो. खाणं गेलं, सोबत राहिली. तुझा लेख खरा ठरला, बाबा. भांडं मात्र माझं गेलं.

तुझी, कोशाबाहेरची आजी

ता. क. शिंपीबुवा पाणी प्यायला उठलेत, हे औषधवाली लिहितेय. करपल्याचा वास मला केव्हाच आला होता. पण लेख आला तरी वाटलं, मागोमाग तूही येशील. स्वयंपाकघरात गेले असते तर जिन्यावरची पावलं ऐकू आली नसती. ताटं चार मांडली होती.

आणखी एक. केक पाठव. मऊ हवा, बदाम नकोत, दात मोजकेच उरलेत. आणि अर्धाच पाठव. उरलेला अर्धा तू हातात घेऊन ये.