समोरासमोरचे बाक

प्रिय बेथिया,

माझं अक्षर बघून पाकीट शेगडीत टाकू नकोस. नदीच्या अलीकडून पलीकडे तिकीट लावून पत्र धाडतेय, यावरूनच ओळख तुझी थोरली बहीण किती दमलीय ते. चालत आलेही असते, पण तुझ्या दारात उभी राहून काय बोलायचं तेच सुचेना.

आज दिवसभर आपलं चर्च आवरत होते. येत्या रविवारी शेवटची प्रार्थना, मग कुलूप. पाद्रीबाई म्हणाल्या, "एफी, न्यायचं तेवढं काढून ठेवा." काय कपाळ काढू? बाक जमिनीत रोवलेले, व्यासपीठ भिंतीत जखडलेलं. जमीनदारांच्या घरच्यांसाठी बांधलेल्या वरच्या सज्जात तर आता कुणाला चढूच देत नाहीत. तुळया इतक्या कुजल्यात की बोट रुततं. कबुतरं मात्र खुशाल तिथं बसून घुमतात. गुडघे बोलायला लागले तेव्हा आपल्या जुन्या बाकावर टेकले. त्याच्या कडेच्या बुटक्या दाराची कडी अजून कुरकुरते. लहानपणी भर प्रार्थनेत तू ती वाजवायचीस आणि आईचा चिमटा मला बसायचा.

ओल कशानं आली हे तुला सांगायला नको. दगडी भिंतीला चुनाच हवा, आत शिरलेलं पाणी त्यातून सुकून जातं. तो खरवडून सिमेंट फासलं आणि पाणी आतच कोंडलं. माझा रॅब म्हणायचा, ही अक्कल वॉटीची. तुझा वॉटी म्हणायचा, रॅबची. अगं, सिमेंटचं ठरलं त्या सभेला मी होते, हात दोघांनीही वर केला होता! सगळ्या गावानंच केला होता. दर दोन-चार वर्षांनी चुना मारायची कटकट मिटली म्हणून खूश होते सगळे. पण भांडले हे दोघे, आणि आपण निघालो आपापल्या नवऱ्यामागे. तू उठून पूर्वेच्या बाकांवर गेलीस, मी पश्चिमेलाच राहिले. आता ते दोघे चर्चमागच्या गवतात शेजारी शेजारी निजलेत आणि आपली तोंडं अजून फुगलेलीच. कमाल आहे बाई आपली.

पण ज्यानं हे चर्च बांधलं त्याचं भलं होवो. व्यासपीठ लांब भिंतीच्या मधोमध, आणि दोन्हीकडचे बाक एकमेकांकडे तोंड करून. पाद्रीबाईंकडे बघायला मान वळवावी लागते. सरळ बघितलं की समोर तूच. असं समोर बसून धड रुसता तरी येतं का? तुझा खोकला, वॉटी गेल्यावरचा काळा कोट, नवा चष्मा, सगळं मला तिथूनच कळलं. प्रवचन सुरू झालं की सगळ्यांसारखी तूही पेपरमिंटची गोळी गालात सारतेस. हल्ली डाव्या, उजवीकडची दाढ काढलीस ना? ती गोळी तोंडात गेली की माझा जीव भांड्यात पडतो. एखाद्या रविवारी दिसली नाहीस, तर दुसऱ्या दिवशी पावाच्या निमित्तानं दुकानात जाऊन मी तुझी चौकशी करते. तूही करतेस माझी, मला ठाऊक आहे. दुकानवाल्या मोइराच्या तोंडात तीळ भिजत नाही. "तुम्हा बहिणींच्या रुसव्यावर माझा पाव खपतो," म्हणते मेली.

काल पाद्रीबाई मला बंदरावरचं मोठं चर्च दाखवायला घेऊन गेल्या. यापुढं आपल्याला तिथंच जायचंय. उंच कमानी, रंगीत काचा, सगळं झकास. पण बाक एकामागे एक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मी पुढं बसले तर तू दिसणारच नाहीस, मागं बसले तर नुसती तुझी टोपी. पाद्रीबाईंनी "कसं वाटलं?" विचारलं आणि मला रडूच कोसळलं. टोपीवरून मला काय कळणार गं, तू बरी आहेस की नाही ते? कोण खरं, कोण खोटं, राहू दे आता. वाद घालायची ताकद नाही उरली. तिथल्या पहिल्या रविवारी मी डावीकडच्या बाकावर बसेन, कडेची जागा सोडून. तुला पाय लांब करायला बरं पडेल. ये आणि माझ्या शेजारी बस. बोलली नाहीस तरी चालेल. गोळ्या मी आणते.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
एफी