पेरूच्या लाकडाचा धूर

प्रिय दादा,

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. बाटली शाबूत आहे. तिच्याभोवती गुंडाळलेला टॉवेल आईला इतका आवडला की तो आता परत मिळेल असं समजू नकोस. चिठ्ठी मी आईच्या आधी वाचली, माफ कर. 'हे कॉकटेल मूगगिळीलाच बनवू दे, तिचा हात मोजका आहे' हे वाचून मला घामच फुटला. आईचा पन्नासावा वाढदिवस, बारा माणसं येणार आणि ग्लास कोण भरणार, तर मी! वर्गात उभं राहून धडा वाचावा लागतो म्हणून जिने नववीतच शाळा सोडली ती! मी चिठ्ठी लपवूनच टाकणार होते. पण खाली तू लिहिलं होतंस ना, की स्वतःची छोटी जागा घेतलीय, दोन महिन्यांत बार उघडणार, बाबांना यातला एक ग्लास दे आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव, त्यावरून मी त्यांना बोलवायचं की नाही ते ठरवेन. मग कुठली लपवतेय.

बाबांचं तुला माहीतच आहे. तू बारमध्ये कामाला गेल्यापासून चौदा महिने झाले, घरात तुझं नाव निघालं की त्यांना लगेच वर्कशॉपमध्ये काहीतरी काम आठवतं. दारूचं त्यांना वावडं नाही, मामा आला की मागच्या पायरीवर दोघं बसतातच. वावडं आहे ते तू करवत ठेवून निघून गेलास त्याचं. तुझ्या जागेवर आता मी असते, हे तुला आईने सांगितलं असेल. फळ्या घासते, रंधा मारते. लाकडाशी बोलावं लागत नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय.

शनिवारी सकाळी मी तुझी कृती भिंतीला चिकटवली आणि कामाला लागले. अननसाच्या चकत्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजल्या, कुटल्या, फडक्यातून रस गाळला. लिंबं पिळली, साखरेचा पाक करून गार केला, त्यात तू लिहिलंस तेवढं मीठ घातलं. तुझ्यासारखं हलवायचं भांडं आपल्याकडे कुठलं, मग स्क्रू ठेवायची मोठी, झाकणाची बरणी तीनदा घासून घेतली. आईने आधीच बजावलं होतं, एक थेंबसुद्धा जिभेला लागला तर बघ. म्हणून मी सगळं वासावर केलं. बाटलीचं बूच काढलं तर पावसात विझलेल्या शेकोटीसारखा वास आला. घायपाताचे गड्डे खड्ड्यात भाजून ही दारू करतात असं तू लिहिलं होतंस, ते नाकाला लगेच पटलं. आईला मात्र वाटलं की वायर जळतेय.

आता माझी चूक ऐक. तू लिहिलंस, लाकडाचा छोटा तुकडा पेटवून विझवायचा आणि धुरावर ग्लास पालथा घालायचा. सुताराच्या घरात लाकडाला काय तोटा? मी टेबलाखालून मूठभर कपचे उचलले, फरशीवर ठेवले, पेटवले. ते होते शेजारच्या काकूंच्या जुन्या कपाटाचे, प्लायचे, वरून पॉलिश मारलेले. असला घाण धूर निघाला की काकू कुंपणावरून ओरडल्या, अगं माझं कपाट दुरुस्त करताय की त्याला अग्नी देताय? मी ग्लास उचलून बघते तर आतून नवीन फर्निचरच्या दुकानाचा वास.

तेवढ्यात बाबा आले. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. पण त्यांनी ना बाटलीकडे पाहिलं ना भिंतीवरच्या तुझ्या अक्षराकडे. नुसते वाकले, वास घेतला आणि असे चिडले म्हणून सांगू! खाण्यापिण्याला प्लाय जाळतात का गं? त्यात गोंद असतो, विष आहे ते. एवढे दिवस रंधा मारतेस, लाकूड ओळखता येत नाही? मग गेले आणि पेरूची एक फांदी घेऊन आले. पटाशीच्या मुठी करायला दोन वर्षं वाळवत ठेवली होती, तीच. माझ्यासमोर बसून त्यांनी चाकूने बोटाएवढे तुकडे काढले, एक पेटवला, फुंकर मारून विझवला आणि वर ग्लास पालथा घातला. आत धूर दुधासारखा फिरायला लागला. आम्ही दोघं फरशीवर मांडी घालून बघतच बसलो. चारदा केलं. एकदा धूर जास्त झाला, एकदा ग्लास तडकला. शेवटी ते म्हणाले, वीस आकडे मोज आणि उचल. आणि उठताना म्हणाले, मी पिणार नाहीये, लाकडाचा अपमान होऊ नये म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मंडळी जमली. मी स्वयंपाकघरात बरणी हलवतेय, हात बर्फाने बधिर झालेत, आई एकेक ग्लास बाहेर नेतेय. पहिला घोट काकूंनी घेतला आणि ग्लास दिव्यापुढे धरून निरखून बघितला. मामा म्हणाला, बाटलीवर औषध म्हणून लिहा, आम्ही रोज नेऊ. मग सगळे हसायला लागले, आईने दुसरा ग्लास मागितला आणि पन्नाशीत पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी आयतं करून देतंय असं म्हणून माझा गाल ओढला. मी माझ्यासाठी नुसता अननसाचा रस धूर देऊन घेतला होता. तोही भारी लागत होता.

बाबा मागच्या पायरीवर एकटेच बसले होते. शेवटचा ग्लास मी स्वतः नेला. मागून सगळे बघतायत हे पाठीला कळत होतं. ग्लास नुसता खाली ठेवून पळावं असं वाटलं. पण मग तू काय लिहिलं होतंस ते आठवलं आणि मी म्हणाले, बाबा, हे दादाने पाठवलंय. हळू म्हणायचं होतं, पण केवढ्यानं बोलले! बाबांनी ग्लास घेतला. आधी खूप वेळ नुसता वास घेतला. मग एक घोट, मग दुसरा. आणि म्हणाले, मीठ जास्त झालंय, सांग त्याला.

जसंच्या तसं कळव म्हणालास म्हणून लिहितेय: मीठ जास्त झालंय, सांग त्याला. मग अर्धा ग्लास संपल्यावर, चव बरी आहे पोराच्या हाताला. मी म्हटलं, अहो बाबा, हात माझा आहे. तर म्हणाले, तुझाही. मामाला आईने सकाळचं सगळं सांगितलं होतं, त्याने लगेच आतून हाक मारली, दाजी, लाकडाचा अपमान झाला का? बाबांनी रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

मी हे सगळं फोनवर सांगितलं असतं, खरंच, आता मला तेवढी भीती नाही वाटत. पण काल रात्री आईने बाबांना तुझ्या बारचं सांगितलं, आणि आज सकाळी ते टेप घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, त्याला पत्र लिही, मापं तोंडी घ्यायची नसतात. विकतचे काउंटर सगळ्यांना सारख्याच उंचीचे, वर्षभरात पाठ मोडेल त्याची. तर दादा, तुझ्या जागेची लांबी, रुंदी, दार कुठल्या अंगाला उघडतं ते, आणि जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंतची उंची पाठव. बूट घालून मोज, असं दोनदा सांगितलंय. काउंटर तेच करणार, बसवायलाही स्वतः येणार आहेत आणि रंधा मारायला मी. लवकर पाठव रे. माळ्यावरची ती रुंद सागाची फळी, जिला आपल्याला कधी बोट लावू दिलं नाही, ती त्यांनी सकाळीच खाली काढून उन्हात ठेवलीय.

तुझीच,
मूगगिळी