स्टुलामागचा दगड

मी, कॅथेड्रलच्या पश्चिम दरवाज्याचा पाथरवट, शरीराने खिळखिळा पण डोक्याने अजून ठणठणीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आणायला कोणी उरलेलेही नाही.

१. साठवलेली रक्कम फादरना. ती कमानीवरच्या पन्हळीवरच खर्च करावी. तिच्या गळतीने संतांची नाके झिजली.

२. छिन्न्या आणि हातोडे माझ्या हाताखालच्या कारागिराला. त्याला धार काढता येत नाही, पण निदान दुसऱ्याची हत्यारे तरी मागणार नाही.

३. आमच्या घराण्याची रीत अशी, की कमानीवरचा चेहरा झिजला की नव्या दगडात ओळखीच्या मेलेल्या माणसाचा चेहरा कोरायचा. उजवीकडे स्वर्गात जाणारे, डावीकडे नरकात. पणजोबांनी डावीकडे सासूला बसवले. तिचे नाक गेले, जीभ शाबूत आहे.

धाकटा भाऊ या दरवाज्याचा राखणदार. माझी बायको मला सोडून त्याच्याकडे राहायला गेली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, त्यामुळे लोकही तिला त्याचीच म्हणू लागले. गेल्या वर्षी ती वारली. तिचा एकही फोटो नाही. भाऊ पाया पडला. "दादा, तिचा चेहरा आठवेनासा झालाय रे मला. उजवीकडे कोर ना तिला."

मी कोरला. हसताना तिचा डावा गाल जरा वर जायचा, तोसुद्धा. माझ्या हातून इतके चांगले काम कधी झाले नव्हते.

४. बिघडलेला दगड आम्ही फेकत नाही, तोंड आत करून भिंतीत लावतो. काल राखणदाराच्या स्टुलामागे असा एक गवंड्याकडून बसवून घेतला. चुना भावानेच कालवला.

"दादा, हा कुठला?"

"बिघडलेला."

"अरेरे," म्हणाला, आणि नेहमीच्या जागी जाऊन बसला.

तिचा चेहरा मला आठवतो. माझ्याकडे तेवढाच उरला आहे, तो मी वाटून घेणार नाही.

५. भावाला चर्चने राखणदाराची खोली सोडायला सांगितले आहे, दुसरे छप्पर त्याला नाही. म्हणून माझे घर त्याला देतो. मात्र तो दगड हलवला तर घर त्याच दिवशी चर्चचे. हात फिरवायला माझी हरकत नाही. मागची बाजू मुद्दाम गुळगुळीत केली आहे.

६. हे सगळे त्याला त्याच स्टुलावर बसवून वाचून दाखवावे.

ठिकाण : दगडकामाची शेड
दिनांक : ९ मार्च
सही : थोरला भाऊ

साक्षीदार, डॉक्टर : लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे. दुर्दैवाने.

साक्षीदार, गवंडी : दगड मी बसवला. आत कोण आहे ते आत्ता कळलं.