लेकराच्या कानावर

प्रिय शिवू,

फोन सोडून अप्पा पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर शेजारी तुझी आई असते आणि हे तिच्या माघारी सांगायचं आहे. तुझ्या बाळंतपणाला तिकडे येणार नाही म्हणून तिनं कळवलं, तू रुसलीस, दोन रविवार फोन केला नाहीस. तिचे गुडघे दुखतात हे खरं. पण त्याच गुडघ्यांवर ती परवा लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला तासभर रांगेत उभी होती.

इवानरावांना नमस्कार सांग. दिवाळीत रोज आपल्या कापडदुकानात गादीवर बसायचे. मांडी काही जमली नाही, पण हट्ट सोडला नाही. एकदा पुतण्याला, बद्रीनाथला, दुभाष्या म्हणून मध्ये घालून मी विचारलं, तुम्ही इंग्रजच ना? जावईबापू असे तडकले की मला वाटलं, आता कापड मोजायचा गज उचलतात. वेल्श, म्हणाले, आमचा वेल्स देश वेगळा. मग आपणहून सांगत बसले. वेल्श भाषा त्यांना येत नाही, फक्त इंग्रजीला स्वान्सीचा, त्यांच्या गावचा, हेल आहे. लंडनला त्या हेलाला हसतात, आणि त्यांच्याच देशातले उत्तरेकडचे लोक म्हणतात, हा कसला वेल्श. "माझी आई अशीच बोलते, तेवढा वेल्श मला पुरे," म्हणाले आणि निवांत चहा प्यायले.

मला तो चहा गेला नाही. तिसरीत असताना वक्तृत्व स्पर्धेत तू घरातल्यासारखं बोललीस आणि सगळा हॉल हसला, आठवतं? पुण्याला माल आणायला गेलो की मलाही व्यापारी हसून विचारायचे, मराठीच ना तुम्ही? तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मी तुझ्या आईला सांगितलं, पोरीशी कमी बोलत जा, तिची भाषा बिघडते. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्पच झाली. आई तुटक वागते असं तुला लहानपणापासून वाटत आलं ना? ते माझं काम होतं, पोरी. तिचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात, का जात नाहीस, म्हणून तिला खोदून विचारलं तेव्हा पोळी लाटता लाटता म्हणाली, "लेकराच्या कानावर पैलंच माजं बोलणं पडंल. तुमीच म्हनलते ना, बिघडतं म्हनून." एकवीस वर्षं झाली त्याला. मी तिथंच ओट्यापाशी उभा राहून तिची माफी मागितली. मला रडू आलं, ते लपवलं नाही. तिनं लाटणं काही थांबवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून मऊ सुती कापड मागवून घेतलं आणि बाळाची कुंची शिवायला बसली.

म्हणून हे पत्र. तिला फोन कर. तुझं ते पुण्याचं मराठी बाजूला ठेव आणि घरातलं बोल, अडखळलीस तरी चालेल. म्हण, "आई, तू ये गं. माज्या लेकराशी तुला लई बोलायचं हाय." ती आधी रडेल, मग शंभर निमित्तं काढेल. ऐकू नकोस. आणि विमानाचं तिकीट तिचं एकटीचंच काढ. मी जवळ असलो की ती अजून जपून बोलते.

तुझाच,
अप्पा